अँबलसाइडचा हिशेबनीस

अँबलसाइड, इंग्लंड

ती. अण्णामामा यांस,


रोथे आणि ब्रॅथे या नद्या एकत्र होऊन विंडरमियर तळ्याला मिळतात, तिथे काठालाच रोमन किल्ला आहे. तो पाहून आले. किल्ला म्हणजे काय, तर कुरणात गुडघाभर उंचीचे पाये आणि मधूनच चरणाऱ्या मेंढ्या. बुरूज नाही, दिंडी नाही, तटाची नुसती रेघ. तुमच्यासारख्या पन्हाळा पायी फिरलेल्या माणसाने नाकच मुरडलं असतं.

इ. स. 90च्या सुमारास इथे लाकडी गढी होती. दुसऱ्या शतकात, सम्राट हेड्रियनच्या काळात, ती दगडी झाली. शिबंदी पाचेकशेची. रेव्हनग्लास बंदराकडून हार्डनॉटचा घाट चढून येणारा रस्ता इथे पोचायचा. कॉलिंगवुडने (हो, तोच, इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर लिहिणारा) 1920पर्यंत खणून सगळा आराखडा उलगडला.

मी रेंगाळले ती धान्याच्या कोठारांत. बुटक्या भिंती ओळीने, एकमेकींना समांतर. त्यांच्यावर तेव्हा फरशी अधांतरी असायची आणि खालून वारा खेळता. इथला पाऊस आणि तळ्याची ओल पाहिली की पटतं, नाहीतर गव्हाला महिनाभरात मोड आले असते.

पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. 1962मध्ये इथे थडग्याची एक शिळा सापडली. तिच्यावर दोन नावं. वर फ्लेवियस फुस्किनस, निवृत्त सेंच्युरियन, वय 55. खाली फ्लेवियस रोमानस, पलटणीचा हिशेबनीस, वय 35. किल्ल्यात शत्रूच्या हातून मारला गेला. शत्रू कोण, लिहिलेलं नाही. दोघांचं नातं काय, तेही नाही. शब्द मध्येच तोडलेत, शुद्धलेखनाचा तर आनंदच. तुम्ही असा कागद टेबलावर ठेवून घेतला नसता.

म्हणजे बघा, लढवय्या निवृत्त होऊन पंचावन्नाव्या वर्षी गेला आणि कापला गेला तो कारकून! किल्ला म्हटला की आपल्याला तलवारी आठवतात. पाचशे तोंडांचा शिधा आला किती, उरला किती, हे कोणीतरी रोज लिहून ठेवतच असेल ना? त्या कोठारांचं दप्तर रोमानसच्याच हातात असणार, असं मी धरून चाललेय.

हल्ला झाला तेव्हा तो कुठे असेल? माझं म्हणणं, कचेरीतच. पुराच्या वर्षी तुम्ही रेकॉर्ड रूमला कुलूप लावून घरी आला नाहीत, मामी रात्रभर शिव्या घालत होत्या, तसाच. पुरावा काही नाही. तुमच्या घरात वाढले म्हणून म्हणते.

गुडघ्याचं काय झालं ते कळवा. मामींना नमस्कार.

तुमची,
सुमा