मामांना कुठली भूल द्यायची?

ऑपरेशन कुणी केलं, हे घरात सगळ्यांना पाठ असतं. भूल कुणी दिली होती, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. भूल म्हणजे एक इंजेक्शन, माणूस झोपतो, उठतो तेव्हा सगळं झालेलं असतं, एवढंच आपल्याला माहीत असतं. मीही यावर कधी विचार केला नव्हता. गेल्या वर्षी मामांनी भुलीचं इंग्रजी संमतिपत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "तू बीए इंग्लिश ना? मला हे मराठीत सांग. सही मी करणार आहे."

मामा बडोद्याला असतात. वय ५८, वीस वर्षांचा मधुमेह. त्यांच्यावर लिंगात इम्प्लांट बसवण्याची शस्त्रक्रिया होणार होती. (हे त्यांच्या परवानगीनेच लिहितोय. "नाव नको टाकूस, बाकी सगळं लिही," असं ते म्हणाले.) मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि नसा खराब झाल्या की ताठरता येत नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, फरक पडला नाही. मग इम्प्लांटचा विचार होतो. एका प्रकारात हाताने वाकवता येणाऱ्या दोन कांड्या आत बसवतात. दुसऱ्यात सलाइनने फुगणाऱ्या नळ्या असतात आणि त्यांचा छोटा पंप अंडकोशाच्या पिशवीत असतो. मामांनी कांड्यांचा साधा प्रकार निवडला. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं आणि खर्चही कमी.

घरात हे फक्त मामीला आणि मला माहीत होतं. बाकी सगळ्यांना हर्निया सांगितला होता.

मामांचा एकच हट्ट होता, मला पूर्ण बेशुद्ध करा. "त्या सिस्टर लोकांसमोर मी जागा कसा राहू?" त्यांना सुईची भीती नव्हती, रोज इन्सुलिन घेणाऱ्याला ती काय असणार. त्यांना लाज वाटत होती.

संमतिपत्रात तीन पर्याय होते. पहिला जनरल. म्हणजे गाढ झोप, श्वासनळीत नळी किंवा घशात मास्क, आणि शेजारी मशीन. दुसरा स्पायनल. कमरेत मणक्यांच्या मधल्या फटीतून बारीक सुईने औषध देतात, कमरेखालचं शरीर दोन-चार तास बधिर होतं, पण माणूस जागा असतो. तिसऱ्यात फक्त त्या भागाच्या नसांभोवती इंजेक्शनं देतात आणि जोडीला शिरेतून गुंगीचं औषध. या तिसऱ्याला इंग्रजीत ब्लॉक म्हणतात. त्याचं मी 'नसांची नाकाबंदी' केलं. त्या आठवड्यात मामा पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

मराठीत या तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो, भूल. त्यामुळे भूल म्हटली की बेशुद्धीच, असं वाटतं. मामांची निम्मी काळजी या एका शब्दातून आली होती असं माझं मत आहे.

शस्त्रक्रियेच्या आठ-दहा दिवस आधी भूलतज्ज्ञांनी तपासायला बोलावलं. डॉक्टर तरुण होत्या, मामांच्या निम्म्या वयाच्या असतील. त्यांनी आधी मामीला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मला ते फार आवडलं. कारण आत मामांनी जे सांगितलं, ते आमच्यासमोर कधीच सांगितलं नसतं. एका मित्राने दिलेली सिल्डेनाफिलची गोळी ते अजून अधूनमधून घेत होते. उठताना चक्कर यायची. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटायचं.

आम्हाला हे वेगवेगळे किरकोळ त्रास वाटले असते. डॉक्टरांना त्यातून बरंच कळलं. सिल्डेनाफिल रक्तदाब कमी करतं, आणि छातीत दुखल्यावर देतात त्या नायट्रेट औषधाशी गाठ पडली तर तो धोकादायक इतका खाली जाऊ शकतो. मधुमेहाने पोटाच्या नसा मंदावल्या असतील तर उपाशी राहूनही पोटात अन्न उरतं. गाढ झोपेत ते वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते. चक्कर येते म्हणजे रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही थकल्या असू शकतात, आणि ही काळजी स्पायनलमध्येही घ्यावीच लागते. मामांची मधुमेहाची एक गोळी 'फ्लोझिन'वाल्या गटातली होती. ती तीन दिवस आधी बंद करायला सांगितली. क्लोपिडोग्रेलसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असतं, तर स्पायनलआधी ते पाच ते सात दिवस थांबवावं लागलं असतं, तेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

त्यांनी स्पायनल सुचवलं. पण म्हणून जनरल वाईट ठरत नाही. ज्यांच्या मणक्याचा त्रास आहे किंवा रक्त पातळ करणारं औषध थांबवता येत नाही, त्यांना तेच बरं पडू शकतं. साध्या इम्प्लांटसाठी काही ठिकाणी नुसत्या नाकाबंदीवरही भागतं.

मामांनी मग शेजारच्या काकूंचा दाखला दिला. सिझेरियनला कमरेत सुई दिली, तेव्हापासून त्यांची कंबर दुखते म्हणे. हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. सुईच्या जागी काही दिवस दुखतं हे खरं, पण जन्मभराच्या कंबरदुखीचं खापर तिच्यावर फोडायला आधार नाही. डोकेदुखी मात्र खरी. काहींना उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की बरं वाटतं. हल्लीच्या बारीक सुयांमुळे ते कमी झालंय. जर्मनीत १८९८ साली ऑगस्ट बीर या सर्जनने आणि त्याच्या मदतनीसाने एकमेकांवरच हा प्रयोग केला. मदतनीसाच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली, त्याला काही कळलं नाही. बीर मात्र नंतर कित्येक दिवस डोकं धरून पडून होता. मी हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "डॉक्टरलाच झालं होतं म्हण की."

आणि लाजेचं काय? डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "छातीपाशी पडदा असतो, तुम्हाला काही दिसणार नाही. हवी तर थोडी गुंगी देऊ. मी पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी उभी असेन." मामांनी गुंगी घेतली. तरी त्यांना मधून मधून ऐकू येत होतं. आत क्रिकेटवर गुजरातीत गप्पा चालल्या होत्या म्हणे. थंडी भरून आली तेव्हा कुणीतरी गरम पांघरूण घातलं. "आणि पाय? ते माझे नव्हतेच," हे ते अजून सांगतात.

संध्याकाळी अंमल उतरायला लागला आणि दुखायला लागलं. डॉक्टर फेरीला आल्या, दहापैकी किती दुखतंय, विचारलं. मामी शेजारी बसली होती. एरवी कुणीही विचारलं तरी मामांचं उत्तर एकच असतं, "काही नाही, ठीक आहे." त्या दिवशी त्यांनी मामीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सात."