दुसरा प्रश्न

मुलाखतीचा पहिला प्रश्न कुणालाही घरी बसून लिहिता येतो, घासूनपुसून लख्ख करता येतो. मुलाखतकाराचा कस लागतो तो दुसऱ्या प्रश्नाला. तो समोरच्याच्या उत्तरातून, तिथल्या तिथे उचलावा लागतो आणि त्यासाठी आधी उत्तर ऐकावं लागतं. बरेच जण त्या वेळी हातातला कागद वाचत असतात.

शिकागोच्या स्टड्स टर्कलने कान हेच भांडवल मानलं. १९७४ साली आलेल्या ‘वर्किंग’ या पुस्तकासाठी त्याने वेट्रेस, पोलादकामगार, कबर खोदणारा अशा माणसांना त्यांच्या कामाबद्दल बोलतं केलं. यंत्राशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. टेपरेकॉर्डर अडला की समोरचाच मदतीला यायचा. टर्कलला ते सोयीचंच वाटे, कारण धांदरट माणसापुढे कुणी अवघडून बसत नाही. (याच धांदरटपणात नर्तकी मार्था ग्रॅहमची मुलाखत मात्र हातची गेली.)

दुसरं टोक बीबीसीच्या जेरेमी पॅक्समनचं. मे १९९७मध्ये त्याने माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्डला एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला: तुरुंग खात्याच्या प्रमुखाचा निर्णय फिरवण्याची धमकी तुम्ही दिली होती का? हो-नाही काही आलं नाही. पुढचा भाग तयार नव्हता म्हणून वेळ काढत होतो, असं पॅक्समनने नंतर सांगितलं. तरीही उत्तर आलेलं नाही हे ओळखून तिथेच ठाण मांडायला कान शाबूत लागतात.

आपल्याकडच्या प्रकट मुलाखतीत तिसराही असतो, श्रोता. २०१८ साली पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवारांची मुलाखत घेतली, तेव्हा गर्दी दोघांसाठीही होती. अशा मंचावर हशा-टाळ्या मिळाल्या की उपप्रश्न राहून जाण्याचा धोका फार.

सर्वांत निर्मम उपप्रश्न बहुधा यूपीएससीच्या मुलाखतीत भेटतात. अंतिम यादीच्या २०२५ पैकी २७५ गुण तिथले. पुण्यात मॉक इंटरव्ह्यू देऊन ‘स्वतःबद्दल सांगा’चं उत्तर पाठ होतं. पण छंदाच्या रकान्यात ‘ट्रेकिंग’ लिहिलेलं असतं. राजगडाच्या माच्या विचारल्या तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी ही नावं घडाघडा येतील. संजीवनीला दुहेरी तटबंदी कशासाठी, असं कुणी पुढे विचारलं, तर ती पायाखाली घातलेला कोण आणि मोबाइलवर पाहिलेला कोण, हे मंडळाला लगेच कळतं.