प्लग ओला की सुका?

कोकणातल्या कलमांच्या बागेत वर्षभर कुठलं ना कुठलं लहान इंजीन चालू असतं. भाद्रपद-आश्विनात बेणणीचा ग्रास कटर, पालवी फुटली की फवारणीचा पंप, आणि थंडी सरल्यावर नव्या कलमांना शिंपायला वहाळावरचं पाण्याचं इंजीन. यातलं एखादं ऐन कामाच्या वेळी बंद पडलं की बागायतदाराच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘इंजीन गेलं.’ इतक्या वर्षांच्या सहवासानंतर माझं ठाम मत आहे, की इंजीन सहसा जात नाही. बहुतेक वेळा त्याला पेट्रोल पोचत नसतं.

आमच्या राजापूरकडच्या घरातलं पहिलं इंजीन पेट्रोलवर सुरू होणारं आणि रॉकेलवर चालणारं होतं. टाकीचे दोन कप्पे, लहान पेट्रोलचा, मोठा रॉकेलचा, आणि खाली एक कॉक. रॉकेल थंड इंजिनात नीट वाफाळत नाही, म्हणून आधी पेट्रोलवर चालवून सिलिंडर तापू द्यायचा. अण्णा सिलिंडरच्या पंख्यांजवळ तळहात नेऊन धग अजमावत आणि मगच कॉक फिरवत. घाई केली तर सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा आणि इंजीन गुदमरायचं. बंद करतानाचा नियम याहून महत्त्वाचा. थांबवण्याआधी पुन्हा पेट्रोलवर घ्यायचं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं रॉकेल संपतं. हे राहून गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी गड्याने कितीही दोरी ओढली तरी इंजीन दाद देत नसे. टाकी पेट्रोलने भरलेली, कॉक पेट्रोलवर, पण वाटीत कालचं थंड रॉकेल. वाटीखालचा बारीक स्क्रू सैल करायचा, ते निळं रेशनचं रॉकेल जमिनीवर गळू द्यायचं, मग दोरी ओढायची. टाकीत इंधन असणं वेगळं आणि इंजिनाला ते मिळणं वेगळं, हे मला शाळेत जायच्या वयात तिथे कळलं.

पुढचं सगळं शिकवलं बाजारपेठेतल्या मेस्त्रींनी. त्यांच्याकडे इंजीन नेलं की हातात पाना घेण्याआधी ते एकच विचारत, “प्लग काढलास? ओला की सुका?” दोरी बऱ्याचदा ओढूनही प्लगचं टोक कोरडं असेल, त्याला पेट्रोलचा वास नसेल, तर इंधन आत येतच नाही. ओलं असेल तर इंधन येतंय, मग ठिणगी बघा, किंवा जास्त येतंय का ते बघा. प्लग सुका निघाला तर ते प्लगच्या भोकातून पेट्रोलचे चार-दोन थेंब आत सोडत, प्लग लावत आणि दोरी ओढत. इंजीन धडधडून क्षणात विझलं की त्यांचा चेहरा खुलायचा. ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे. आता टाकीपासून जेटपर्यंतच्या वाटेवर कुठे अडलंय एवढंच शोधायचं. ही वाट ते क्रमाने चालत. झाकण, कॉकची जाळी, नळी, वाटी, फ्लोटची पिन, शेवटी जेट. मधला टप्पा गाळून थेट कार्बोरेटर खोलणं त्यांना मुळीच खपत नसे. मला हा क्रम आजही कुठल्याही मॅन्युअलपेक्षा मोलाचा वाटतो.

कार्बोरेटरची मूळ कल्पना किती साधी आहे! हवेची वाट एका जागी अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि बारीक भोकातून पेट्रोल आपसूक वर खेचलं जाऊन हवेत फवारलं जातं. डोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघा हंगेरियन अभियंत्यांनी १८९३ साली बुडापेस्टमध्ये अशा कार्बोरेटरचं पेटंट घेतलं; जर्मनीत विल्हेल्म मायबाखही त्याच सुमारास याच वाटेने चालला होता. आमच्या फवारणी पंपावरचं कार्बोरेटर मी उघडतो तेव्हा तत्त्व तेच दिसतं. वाटीत फ्लोट तरंगतो, पातळी वर आली की पिन दाबून पेट्रोल बंद करतो, उतरली की सोडतो. पिनेच्या टोकावर कचरा अडकला तर पेट्रोल ओसंडून वाहतं. फ्लोट चिकटला तर येतच नाही.

आणि जेट. पितळेचा एवढासा तुकडा, मधलं भोक मिलिमीटरच्याही आतलं. मेस्त्री तो दोन बोटांत धरून आभाळाकडे रोखून बघायचे. पूर्ण गोल उजेड दिसला तर साफ. गोलाची एखादी कड मिटलेली दिसली तर आत पेट्रोलचा वाळलेला पिवळट थर आहे. असं इंजीन अर्धा चोक ओढल्यावर नीट चालतं आणि चोक सोडला की हेलकावे खाऊन बंद पडतं, कारण चोक हवा अडवतो आणि कमी पडणाऱ्या पेट्रोलची भरपाई करतो. या एका लक्षणावरून मी जेट न उघडताही दोष सांगू शकतो. साफ करताना मात्र तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. पेट्रोलमध्ये भिजत ठेवायचा, हवेचा पंप मारायचा, पुन्हा उजेडात धरायचा. टाचणी किंवा क्लच वायरचा तंतू घेऊन बसलेले मेकॅनिक मी पाहिले आहेत. त्यांच्याकडून परत आलेलं इंजीन जास्त पेट्रोल पितं आणि काळा धूर सोडतं.

एका हंगामातला फवारणीचा दिवस मला विसरता येत नाही. बोंगे फुटायला लागले होते, तुडतुडा दिसू लागला होता. मळभ येण्याआधी औषध पडायलाच हवं होतं. मोहोरावर तुडतुडा बसला की चार दिवसांचा उशीरही महाग पडतो. पंप दहा-पंधरा मिनिटं झकास चालायचा आणि मग दम लागल्यागत बंद पडायचा. थोडं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. गड्यांनी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, एअर फिल्टर काढून बघितला. फरक नाही. मेस्त्री दुपारी आले. त्यांनी पंप चालू करायला लावला, हातात काही न घेता शेजारी उभे राहिले आणि आवाज ओढल्यासारखा होताच टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजीन सावरलं. झाकणाचं हवेचं भोक धूळ आणि औषधाच्या थराने बुजलं होतं. पेट्रोल खाली जाईल तशी वर हवा शिरायला हवी. ती शिरली नाही की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल नळीतच अडतं. थांबल्यावर फटीतून हळूहळू हवा शिरते, म्हणून पुन्हा चालू होतं. झाकण धुऊन झालं आणि अंधार पडेपर्यंत बाग फवारून झाली. मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. “यात मी काय दुरुस्त केलं?” म्हणाले. माझ्या मते त्यांनी त्या दिवशी आमचा हंगाम वाचवला होता.

मग कोयती मागे पडली आणि ग्रास कटर आले. बेणणीला माणसं मिळेनाशी झाल्यावर दुसरा इलाजही नव्हता. हे यंत्र खांद्याला लटकवून उतारावर वाटेल तसं तिरपं करतात, त्यामुळे त्यात फ्लोटची वाटी चालत नाही. तिथे पातळ पडदे असतात. क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर एक पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा ते मोजून जेटला देतो. टाकीत नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो, तो यंत्र वळेल तिकडे पेट्रोलमागे जातो. निदानही त्यामुळे बदलतं. आधी रबरी फुगा दाबून बघायचा. तो भरत नसेल तर नळीला चीर किंवा फिल्टर तुंबलेला. फुगा भरतोय, तरीही प्लग सुका, तर पडद्यांकडे वळायचं. वर्षभर पेट्रोलसकट माळ्यावर पडलेल्या कटरचा पडदा मी काढला होता, तेव्हा तो वाळक्या पिंपळपानासारखा कडक झाला होता. पडद्यांचा संच स्वस्त मिळतो आणि बसवायला अर्धा तास पुरतो. तरी दुकानात अख्खा कार्बोरेटर बदलायला सांगतात, याचं मला वाईट वाटतं.

टू-स्ट्रोक इंजिनात इंधन कमी पडणं जास्त धोक्याचं आहे, हे गड्यांना मी परत परत सांगतो. तिथे तेल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. अशा वेळी कटरचा आवाज चढतो, जोर वाढल्याचा भास होतो आणि थोड्याच वेळात पिस्टन घासला जातो. चढलेला आवाज ऐकला की मशीन तिथल्या तिथे बंद करावं.

अलीकडे यात इथेनॉलची भर पडली. देशातले मिश्रणाचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्यात आपलं मिरज आणि मनमाड होतं. २०२२ पर्यंत प्रमाण दहा टक्क्यांवर पोचलं आणि २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. ऊस पिकवणाऱ्याच्या हाती त्यातून पैसा येतो, याचा मला आनंदच आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि कोकणात हवेला पाण्याची वाण नाही. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, पेट्रोल आणि त्यातलं तेल वर राहतं. वजनदार फिल्टर तळाशीच असतो, म्हणजे इंजिनाला आधी तेल नसलेला तो थर जातो. शिवाय इथेनॉलच्या वजनात तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या ठरीव जेटवर मिश्रण पातळ पडतं. जुन्या नळ्यांचं रबर फुगतं, वाटीच्या तळाला पांढरी भुकटी दिसू लागते. पूर्वी महिनाभर राहिलेल्या पेट्रोलचं मला फारसं काही वाटत नसे. आता पंधरवड्याच्या वर राहिलं तर मी ते कटरमध्ये घालत नाही.

मेस्त्री आता नाहीत. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तालुक्याला जाऊन इंजीन दाखवायचं तर एक दिवस मोडतो, म्हणून हे लिहितो आहे. बागायतदार मित्रांनो, यंदा बेणणी आटोपली की कटर भिंतीला टेकवण्याआधी टाकी रिकामी करा, फुगा दाबून नळीतलं पेट्रोल परत टाकीत जाऊ द्या आणि तेही ओतून टाका, मग इंजीन मंद चालवून आपोआप बंद पडू द्या. फवारणी पंपाच्या वाटीखालचा स्क्रू सोडून शेवटचा थेंब गाळा. झाकणाचं भोक फुंकून बघा. ही कामं घरच्या मुलामुलींना शेजारी बसवून करा, पाना त्यांच्या हातात द्या आणि प्लग ओला की सुका हे त्यांनाच सांगायला लावा.