येवल्यातील शालूखरेदी

विवाहाचा शालू मोठ्या दालनात घ्यावयाचा म्हणजे गादीवर बसताच सरबत येते, पन्नास घड्या उलगडल्या जातात आणि काही न घेता उठणे संकोचाचे होते. नाशिक जिल्ह्यातील येवल्यात मात्र विणकराच्या घरीच, मागाशेजारी सतरंजीवर बसून पैठणी पाहता येते. 2010 मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेले हे वस्त्र. पारख सोपी आहे : पदर उलटून पाहावा. हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. यंत्रमागाच्या नकलेत मागे धागे लोंबतात.

आमच्या पुतणीने पदर उलटला नाही. तिने विचारले, "काका, या रेशमासाठी कोशातला जीव मारतात ना?"

विणकराने माग थांबवला. "हो ताई. कोश उकळतात, म्हणून धागा अखंड निघतो."

वहिनींचा चेहरा उतरला. शालू रेशमाचाच हवा, व्याही काय म्हणतील, ही त्यांची चिंता. (अहिंसेवरील प्रवचनास त्या रेशीम नेसून जातात, हेही खरे.) विणकराने ना रेशमाची भलामण केली, ना नव्या घड्या काढल्या. सुती धाग्यात तोच काठ, तोच पदर विणता येईल. झळाळी कमी असेल आणि चार महिने लागतील, एवढेच तो म्हणाला. विसारही मागितला नाही. "घरी बोला, मग कळवा."

मनमाड येईपर्यंत वहिनी गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विणकराला फोन केला : सुती, मोरपंखी, नारळी काठ.