वाटेवरचं घर

माझे आबा माझ्याकडे येत तेव्हा उंबऱ्यात चपला काढतानाच सांगून टाकत, "पाचची गाडी आहे." वाईहून निघायचं, साताऱ्याला एसटी बदलायची आणि दुपारी कऱ्हाडला पोचायचं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, या पिढीतले ते. म्हणून स्टँडवर रसवंतीत उसाचा रस पिऊन मगच घरी यायचे आणि ओसरीवर खुर्चीच्या कडेला टेकायचे. पिशवीतून हळदीचा पुडा निघायचा, तो सासूबाईंच्या हाती. माझ्याशी बोलणं म्हणजे "बरी आहेस ना?" एवढंच.

मला मुलगी झाली. नातू झाला की ही बंदी सुटते, असं शेजारणी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. आबांनी पाळण्यात डोकावून पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "विहीणबाई, चहा टाका." साखर जास्त घातलेला तो चहा त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारत, चवीने प्यायला. मुक्कामाला मात्र ते कधीच राहिले नाहीत. पाचची गाडी असायचीच.

पाळण्यातली ती आता बेंगळुरूला असते. हे गेल्यानंतर मी तिच्याकडे जायची ती रात्रीच्या स्लीपर बसने. तिकीट ती काढणार, जावई पहाटे घ्यायला येणार, परतीचंही तिकीट तेच काढणार. दोघंही मनापासून करतात. पण तिथे आठवडा झाला की स्वयंपाकघरात आपण कुठे उभं राहायचं तेच कळेनासं होतं. "आई, तू बस गं," असं ती प्रेमाने म्हणायची, आणि मी बसायची. दिवसभर बसणं हे काम मला कधी जमलं नाही.

यंदा थंडीत मी माझी वॅगनआर काढली आणि कन्याकुमारीला निघाले. गाडी मी पन्नाशीत शिकले. हे असेपर्यंत डावीकडची सीट माझी आणि नकाशाही माझ्याकडे. लेकीला फोनवर सांगितलं, "तुझं घर वाटेवर आहे, दोन रात्री टेकेन." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग "एकटी?" आणि लगेच लाइव्ह लोकेशनची मागणी.

कऱ्हाड ते बेंगळुरू सुमारे पावणेसातशे किलोमीटर. रस्ता तोच, आमच्या तोंडी बसलेला एनएच फोर. कागदावर आता अठ्ठेचाळीस. कोगनोळीचा टोल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात. निपाणीनंतर तवंदीचा घाट, मग बेळगाव, धारवाड, हावेरी. दावणगेऱ्याला बेण्णे डोसा खाल्ला. लोण्याचा इतका सढळ हात आपल्याकडे फक्त आजोळी असतो. मुक्काम चित्रदुर्गला केला. डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या, खाली किल्ला. नवरा जेवायला बसलेला असताना हैदर अलीचे सैनिक कपारीतून एकेक करून आत येऊ लागले, तेव्हा ओबव्वाने त्यांना मुसळाने लोळवलं, ती कपार इथली. मी ती पाहिली. बाईमाणूस एकटी कशी, असं हॉटेलच्या मॅनेजरने विचारलंच होतं. त्याच्याच गावची ओबव्वा त्याला दाखवावीशी वाटली.

लेकीच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने नाव विचारलं, टॅबवर 'गेस्ट' असं टिपलं आणि पाहुण्यांच्या पार्किंगकडे बोट दाखवलं. मागच्या खेपांना जावयाच्या गाडीतून आत येत असल्याने ही नोंद कधी झाली नव्हती. मला तर ती आवडली. आपण पाहुण्या आहोत हे एकदा लिहून झालं की घरात वावरणं सोपं जातं. लेकही मोकळी वाटली. मी परवा पहाटे जाणार हे ठाऊक असल्यामुळे तिने ना रजा घेतली, ना पुरणाचा घाट घातला. रात्री आम्ही दोघी ओट्याला टेकून दहीभात खात उभ्या होतो आणि तिने ऑफिसातली एक गोष्ट सांगितली, जी आठवडाभराच्या मुक्कामात कधीच निघाली नसती.

नातीला माझ्यापेक्षा डिकीत जास्त रस. दुसऱ्या दिवशी तिने मला बेसमेंटमध्येच नेलं आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लावली: पाण्याचा कॅन, घडीची खुर्ची, टॉर्च. मॅट उचलल्यावर स्टेपनी दिसली. "चाक बदलून दाखव." मग काय! चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, जॅक नंतर, हे तिला सांगितलं. पाना तिच्या हातात दिला. जोर पुरेना तेव्हा ती त्यावर पाय देऊन उभी राहिली. परत बसवताना शेजारशेजारचे न आवळता समोरासमोरचे आवळायचे, हे तिने स्वतःच दोनदा म्हणून घेतलं. हात काळे, फ्रॉक काळा. वॉचमन येऊन कन्नडमध्ये काही बोलला, तिने तितक्याच खणखणीत कन्नडमध्ये उत्तर दिलं. काय म्हणालीस, विचारलं तर म्हणे, "आजी शिकवतेय, जा म्हटलं."

निघायची पहाट. नाइस रोडने होसूर रस्त्याला लागलं की शहराची गर्दी टळते, असं जावयांनी तीनदा सांगितलं. लेकीने चपात्यांचा आणि चटणीचा स्टीलचा डबा शेजारच्या सीटवर ठेवला.

"परत येताना किती दिवस?"

"परत येताना किनाऱ्याने येणार. केरळ, मंगळूर, गोवा."

"म्हणजे इकडे नाहीच?" तिचा चेहरा उतरला. मग हिशेबी स्वरात म्हणाली, "आणि माझा डबा?"

"तो न्यायला तू ये कऱ्हाडला," म्हटलं आणि गाडी सुरू केली.