येडगांवच्या पाण्याकांठीं

कल्याणहून अहिल्यानगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आळेफाट्याच्या पूर्वेस, जुन्नर तालुक्यांतील राजुरी हें आमचें गांव आहे. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखीं वेद वदविले असें परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधि शेजारच्या आळे गांवीं आहे. राजुरीच्या शाळेंतून १९७६ सालीं शालान्त परीक्षा देऊन आम्ही आठ सोबती पांगलों. कोणी पुण्यास नोकरीला, कोणी मुंबईच्या गिरणींत, कोणी घरच्या शेतीवर. माझ्या वांट्यास खडू आणि फळा आला. पुढच्याच वर्षीं कुकडी नदीवरील येडगांवचें धरण पुरें झालें, आणि कांहीं काळानें आम्हां मित्रांच्या वार्षिक मुक्कामाची जागा त्याच जलाशयाच्या कांठीं ठरली.

एका सोबत्याच्या आप्तांचें तेथें लहानसें कौलारू घर आहे: दोन खोल्या, पुढें पडवी, आणि पडवीपासून हांकेच्या अंतरावर पाणी. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या शनिवारीं आम्ही तेथें जमतों. नियम थोडे, पण कडक. पदवी, पेन्शन व मुलांचे पगार हे तीन विषय उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे. स्वयंपाक आपल्या हातानें करावयाचा. बाजरीची भाकरी माझ्याकडे; मासवड्या शेतकरी मित्राकडे. नांवांत मास असला, तरी बेसनाच्या पोळींत तीळ-खोबरें भरून वळलेला तो शुद्ध शाकाहारी पदार्थ आहे, हें जुन्नरकडील मनुष्यास सांगावें लागत नाहीं. सकाळीं ओझरच्या विघ्नेश्वराचें दर्शन. दिवेलागणीनंतर मात्र कोणी एकट्यानें बाहेर पडावयाचें नाहीं, कारण या भागांतील उंसांत बिबट्यांनीं बिऱ्हाडें केलीं आहेत.

येडगांवचें पाणी एकट्या कुकडीचें नव्हे. जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत मिळून कुकडी प्रकल्पाचीं पांच धरणें आहेत: येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभे. इतर धरणांतील बरेंचसें पाणी नद्यांच्या व कालव्याच्या वाटेनें येडगांवांत उतरतें. येथून डावा कालवा तें पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, करमाळा अशा कमी पावसाच्या मुलखाकडे नेतो. म्हणून कार्तिकांत तुडुंब दिसणारा हा जलाशय वैशाखांत खालीं जातो. आम्हांस जेथें शोभा दिसते, तेथें दुसऱ्या कोणाच्या पिकाचा जीव गुंतलेला असतो.

आमच्यांतील एक सोबती मूळचा आंबेगांवचा. शिक्षणासाठीं तो राजुरीस मामाकडे राहिला होता. ज्या गांवाचें नांव तालुक्यास आहे, तें घोड नदीकांठचें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्यांत गेलें. तालुका राहिला, नांव राहिलें. त्याचें घर राहिलें नाहीं. तो दर वर्षीं येई, पण पडवींत पाण्याकडे पाठ करून बसे. आम्ही कारण जाणून होतों व विचारीत नव्हतों.

गेल्या दहा वर्षांत आठांपैकीं तिघे वारले. तिसरा गेला त्या वर्षीं दोघांनीं सुचविलें, कीं आतां हा प्रघात थांबवावा. गुडघे दुखतात, प्रवास सोसत नाहीं, आणि रिकाम्या जागा पाहवत नाहींत. बोलणें खोटें नव्हतें. मीही गप्प होतों. तेव्हां बोलला तो आंबेगांवचा. "अरे, डिंभ्याचा डावा कालवा येथेंच येऊन मिळतो ना? म्हणजे आमच्या अंगणावरून आलेलें पाणी या तळ्यांत आहे. घर गेल्यावर मला गांवाकडे जावयास दुसरी वाट उरली नाहीं. मी येथें तुमच्यासाठीं येतों, तसा त्याच्यासाठींही येतों. तुम्ही बंद केलें तर मीं कोठें जावें?"

यावर वाद संपला. प्रघात चालू राहिला, आणि यंदा वैशाखांत, पाणी ओसरल्यावर, एक दिवस त्याच्यासह डिंभ्यास जावयाचेंही ठरलें आहे.

संस्कृतांत मित्र शब्द पुल्लिंगीं चालविला तर सूर्य, आणि नपुंसकलिंगीं चालविला तर सोबती, हें आम्हांस शाळेंत शिकविलें होतें. दोहोंतला व्यवहारांतील भेद मला उतारवयांत कळला. सूर्य न बोलावतां रोज येतो. सोबत्यास बोलवावें लागतें. ज्यांच्याकडे अशा जुन्या शाळासोबत्यांचे पत्ते पडून असतील, त्यांनीं निवृत्तीची, सोयीची, किंवा प्रकृति सुधारण्याची वाट पाहूं नये. एखादें घर, पाण्याचा कांठ, आणि ठरलेली तिथि एवढें पुरतें. आणि तिथि एकदां ठरली म्हणजे ती मोडूं नये, कारण आपणांपैकीं कोणास तिची गरज किती आहे, हें तो आपण होऊन सांगत नाहीं.