काकूंनी पाहिला काकांचा अड्डा

लग्नाला चाळीस वर्षे उलटली तरी नवऱ्याच्या आयुष्यातली एखादी खोली बायकोसाठी बंदच राहते. चंडीगडमधल्या एका मराठी काकूंसाठी ती खोली सेक्टर २६ मध्ये, मध्य मार्गावर, पहिल्या मजल्यावर होती. काका १९९१ साली बदली होऊन पुण्याहून चंडीगडला आले आणि तिथलेच झाले. शनिवारी अर्ध्या दिवसाचे ऑफिस सुटले की ते घरी जेवत, वामकुक्षी घेत आणि संध्याकाळी 'जरा जाऊन येतो' म्हणून निघत. साडेआठला परत. तोंडाला बडीशेपेचा वास. काकू त्या जागेला 'माझी सवत' म्हणत. थट्टेत म्हणत, पण अगदीच थट्टेत नाही.

सवतीला पाहायची संधी मिळाली ती काकांना सत्तर पूर्ण झाली तेव्हा. लेक आणि पंजाबी जावई मोहालीला राहतात. जावई म्हणाला, "मम्मीजी, पापाजींच्या जुन्या अड्ड्याचं रूप पार बदललंय. आता सगळे फॅमिली घेऊन जातात. आपणही जाऊ."

"पबमध्ये? मी?" काकू म्हणाल्या. पण कपाटातून नारायण पेठ मात्र त्यांनी आदल्या रात्रीच काढून ठेवली होती.

चंडीगडची एक गंमत आहे. ल कॉर्बुझिएच्या या शहरात बाजारपेठांच्या इमारतींचा दर्शनी भाग कसा असावा याचे नियम आहेत. त्यामुळे मालकाने आत राजवाडा केला काय किंवा गोदाम केले काय, बाहेरून खांब, व्हरांडा आणि खिडक्यांची रांग तशीच. काकांनी डोळे मिटूनही जिना शोधला असता. जिना चढून दार उघडले आणि मात्र ते उंबऱ्यातच थबकले.

तपकिरी रेक्झिनचे कोच गेले होते. ट्यूबलाइटच्या जागी तारांना लोंबणारे पिवळे दिवे. एका भिंतीचे प्लॅस्टर मुद्दाम खरवडून विटा उघड्या केलेल्या. काकू हळूच म्हणाल्या, "आपल्याकडे पावसाळ्यात भिंत अशी झाली की गवंडी बोलावतात." काचेपलीकडे बिअर बनवण्याच्या तांब्याच्या रंगाच्या टाक्या चकाकत होत्या.

"इथे काउंटर होतं," काका दाखवू लागले. "तिथे टेलिफोन. आणि त्या कोपऱ्यात आम्ही चौघं." त्या कोपऱ्यात आता तीन मुली बसून स्वतःचे फोटो काढत होत्या.

जुन्या जागेत बाई कधी दिसली नव्हती. मनाई नव्हती, पण प्रघातही नव्हता. महाराष्ट्रातल्या लोकांना हे नवीन नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे पिणाऱ्याला परवाना लागू लागला, त्यातून 'परमिट रूम' हा शब्द आला, आणि त्या पाटीखालून बाई आत जाताना दिसली तर गल्लीभर चर्चा होई. इराण्यांच्या हॉटेलांत कुटुंबासाठी आडोसा असे. तिथे निदान मस्कापाव खाता येई. इथे आता आडोसाच नव्हता. शेजारच्या टेबलावर एक आजोबा नातवाला पिझ्झा भरवत होते.

बैठकीची पहिली अडचण गुडघ्यांची. खुर्च्या उंच आणि पाठ नसलेल्या. लेकीने सांगून खालचे टेबल मिळवले. दुसरी अडचण मेन्यू कार्डाची. ते नव्हतेच; टेबलावर चिकटवलेल्या चौकोनी नक्षीसमोर मोबाइल धरायचा. काकूंनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत मेन्यू वाचून काढला. त्या तीस वर्षे शाळेत शिक्षिका होत्या. प्रश्नपत्रिका पूर्ण वाचल्याशिवाय त्या उत्तर लिहू देत नाहीत.

"मसाला शेंगदाणे २४५ रुपये! अहो, एवढ्यात आपला महिन्याचा दाण्याचा कूट होतो."

"आई, जागेचं भाडं असतं, एसी असतो," लेक म्हणाली.

"असू दे. मी मागव नको कुठे म्हटलं? मी फक्त वाचते आहे."

शेवटी मागवले ते असे: मसाला शेंगदाणे, अमृतसरी मच्छी, पनीर टिक्का, दाल मखनी आणि चार नान. काकांना दोन मग बिअर. काकूंना आणि लेकीला लिंबू सोडा. जावई साधे पाणी प्यायला, कारण गाडी त्याच्या हातात होती. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर तो गुन्हा ठरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच खेपेला दंड १० हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही. "दंडासाठी नाही, मम्मीजी," तो म्हणाला, "माझ्या गाडीत तुम्ही आहात म्हणून." काकूंनी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

पदार्थांना मात्र गुण सढळ हाताने मिळाले नाहीत. शेंगदाणे खमंग होते, पण कांदा आधीच चिरून ठेवलेला, त्याला पाणी सुटलेले. पनीर कडेने जळलेले आणि आतून कोरडे. मासा आला आणि काकू गप्प झाल्या. बेसनाचे पातळ आवरण, त्यात ओवा, वर चाट मसाला, सोबत मुळ्याचा कीस आणि हिरवी चटणी. तुकडा मोडला की वाफ येत होती. "हा करणारा हात जुना आहे," त्या म्हणाल्या. दाल मखनीला धुराचा मंद वास आणि लोण्याचा बेताचा हात. तीही उत्तीर्ण झाली. लिंबू सोडा मात्र १७५ रुपयांना म्हणजे दरोडाच, असा निकाल लागला. संगीत इतके मोठे होते की निकालही ओरडून जाहीर करावा लागला.

तेवढ्यात काळा टी-शर्ट घातलेले एक पिकल्या केसांचे गृहस्थ टेबलापाशी आले आणि काकांकडे टक लावून पाहत राहिले.

"साहब, आप?"

काका ताडकन उठले. "पंडितजी!"

कांगड्याकडचे हे पंडितजी जुन्या जागेतले वेटर. इतक्या वर्षांत या जागेवर काय काय गेले ते त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले. हमरस्त्यापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. चंडीगडच्याच एका संस्थेचा या लढ्यात मोठा वाटा होता, आणि तिचे संस्थापक स्वतः रस्ते अपघातामुळे चाकाच्या खुर्चीला जखडलेले. प्रशासनाने २०१७ च्या मार्चमध्ये शहरातल्या रस्त्यांचा दर्जाच बदलला. तो वादही वर गेला, आणि जुलै २०१७ मध्ये, महापालिका हद्दीतल्या परवान्यांना ती बंदी लागू नाही, असा खुलासा न्यायालयाने केला. मालकाचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच २०२० ची टाळेबंदी आली. त्यानंतर मालकाच्या मुलाने सगळे पाडून नव्याने उभारले. जुन्यांपैकी राहिले दोघे : भट्टीवरचा आचारी आणि पंडितजी.

"म्हणजे मासा त्या आचाऱ्याचा!" काकू म्हणाल्या.

पंडितजींनी हात जोडले. "भाभीजी, आज पहिल्यांदा तुमचं दर्शन झालं. त्या रात्री साहेबांना अंबाल्याला नेलं तेव्हा आम्ही सगळे तुमचीच काळजी करत होतो, की तिकडे पुण्यात तुम्ही एकट्या सगळं कसं निभावत असाल."

"कोणती रात्र?"

काका मगाकडे पाहू लागले. सांगितले ते पंडितजींनीच. १९९४ चा डिसेंबर. काकू लेकीला घेऊन आजारी सासूबाईंच्या सेवेला पुण्याला गेलेल्या. शनिवारी संध्याकाळी पुण्याहून शेजाऱ्यांकडे फोन आला, आणि शेजारी धावत याच जिन्यावरून वर आले. काका त्या कोपऱ्यात होते. बँका बंद. कोपऱ्यातल्या तिघांनी खिसे रिकामे केले. मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान असलेल्या सरदारजींनी गाडी काढली, धुक्यातून अंबाला कँट गाठले, आपला ओव्हरकोट काकांच्या अंगावर घातला आणि त्यांना झेलम एक्स्प्रेसमध्ये बसवून दिले.

तो कोट काकूंना चांगला आठवत होता. बाह्या चार बोटे लांब. 'ऑफिसातल्या एकाचा आहे' एवढेच तेव्हा उत्तर मिळाले होते. काका पोहोचले तेव्हा सगळे आटोपले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आई गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात ग्लास होता. हे कसं सांगणार होतो तुला?"

संगीत चालूच होते. काकूंनी माशाचा उरलेला शेवटचा तुकडा काकांच्या बशीत ठेवला. "गार होतोय," एवढेच म्हणाल्या.

बिल आले. खाण्याचे २,४७०, बिअरचे ६५०. खाण्यावर पाच टक्के जीएसटी आणि बिअरवर व्हॅट, कारण दारू जीएसटीत येत नाही. आणि मध्येच एक ओळ : सेवा शुल्क, ३१२ रुपये. जावई कार्ड काढत होता. काकूंनी त्याचा हात धरला.

"हे कशाचे?" त्यांनी बिल आणणाऱ्या तरुणाला विचारले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आहे की सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचे नाही, ते ग्राहकाच्या मर्जीवर आहे. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये ते उचलून धरले. काकूंनी हे वर्गात समजवावे तसे समजावले आणि तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे, हेही सांगितले. तरुण हसत गेला आणि ती ओळ काढलेले बिल घेऊन आला.

मग काकूंनी पर्स उघडली, ३१२ रुपये मोजले आणि जिन्याच्या तोंडाशी पंडितजींच्या हातात दिले. "द्यायचं ते आपल्या हातानं द्यावं," त्या म्हणाल्या. "आणि आचाऱ्यांना सांगा, मासा उत्तम. कांदा मात्र आयत्या वेळी चिरा."

गाडी मध्य मार्गाला लागली. जावयाने विचारले, "मग मम्मीजी, दहापैकी किती?"

"खाण्याला सहा. दराला तीन. स्वच्छतागृहाला दहा. बायकांसाठी वेगळं आहे आणि लख्ख आहे."

थोड्या वेळाने त्यांनी काकांना विचारले, "ते सरदारजी कुठे असतात?"

"गेले. २०२१ मध्ये. त्यांची बायको असते, सेक्टर १९ मध्ये."

"सत्तावीस वर्षांत त्यांना एकदा जेवायला बोलावलं नाहीत," काकू म्हणाल्या. आवाजात राग होता, पण तो जुना शनिवारचा राग नव्हता. "उद्या रविवार आहे. मी सकाळी पुरण घालते. दुपारी डबा घेऊन आपण दोघं जाऊ. आणि हे बघा, तिथे गेल्यावर कोटाचं मी बोलणार. तुम्ही बसा गप्प."

काका तसेही गप्पच होते.